‘फेल ओत’ म्हणजे साडेपाच नव्हे: हंगेरीत वेळ ऐकायची आणि सांगायची कशी

समजा, तुम्ही डेब्रेत्सेनमध्ये खोली भाड्याने घेतली आहे. घरमालकीण फोनवर सांगते, किल्ली घ्यायला ‘फेल ओत’ला या. ‘फेल’ म्हणजे अर्धा आणि ‘ओत’ म्हणजे पाच, एवढं हंगेरियन पहिल्या पंधरवड्यात कुणालाही येतं. डोक्यात मराठी असेल तर याचे साडेपाच होतात. डोक्यात इंग्रजी असेल तरी साडेपाचच, कारण ब्रिटिश माणूस ‘हाफ फाइव्ह’ म्हणतो तेव्हा त्याला ५.३० म्हणायचं असतं. बाई मात्र ४.३० ला दारात येऊन उभी राहते. तुम्ही वेळेवर निघालात असं तुम्हाला वाटतं आणि तुम्ही तासभर उशिरा पोहोचता.

हंगेरीत मराठी माणसं आता बऱ्यापैकी आहेत. कुणी डेब्रेत्सेन, सेगेद, पेच इथे वैद्यकीय शिक्षणासाठी जातं, कुणी ‘स्टिपेंडियम हंगारिकुम’ या सरकारी शिष्यवृत्तीवर. टीसीएसचं बुडापेश्टमधलं केंद्र २००१ पासून आहे आणि अपोलो टायर्सचा कारखाना द्योंद्योशहॉलास या गावाजवळ आहे. यातले बहुतेकजण हंगेरियन भाषा इंग्रजीतून शिकतात, कारण पुस्तकं आणि वर्ग इंग्रजीत असतात. बाकी भाषेसाठी ते ठीक आहे. घड्याळासाठी मात्र इंग्रजीचा वळसा घालू नका. हंगेरियन वेळेतून थेट मराठी वेळेत या. हा रस्ता बराच जवळचा आहे आणि का, ते पुढे येईलच.

आधी कान तयार करा

एक ते बारा आकडे असे: एद्य, केत्तो, हारोम, नेद्य, ओत, हॉत, हेत, न्योल्त्स, किलेन्त्स, तीझ, तिझेनेद्य, तिझेनकेत्तो. देवनागरीत हे उच्चार जेवढे जवळ नेता येतात तेवढे नेले आहेत. ‘द्य’ हा ‘उद्या’मधल्यासारखा, जीभ टाळूला टेकवून म्हणायचा. ‘केत्तो’ आणि ‘ओत’मधला ओ मराठीत नाही. ओठ ओ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून ए म्हणायचा. जर्मन शिकलेल्यांना हा स्वर ओळखीचा वाटेल. शब्दातला जोर नेहमी पहिल्या अक्षरावर असतो, त्याला अपवाद शोधत बसू नका.

फोनवर घोटाळा करणाऱ्या जोड्या दोन. ‘हॉत’ म्हणजे सहा आणि ‘हेत’ म्हणजे सात, ही पहिली. दुसरी जास्त वाईट. दोनसाठी ‘केत्तो’ आणि ‘केत’ असे दोन शब्द आहेत. पुढे नाम आलं की ‘केत’ वापरतात, म्हणून ‘केत ओरॉ’ म्हणजे दोन वाजले. आता ‘केत ओरॉ’ आणि ‘हेत ओरॉ’ खरखरत्या फोनवर ऐकून बघा. हंगेरियन लोकांचीही यात गफलत होते, म्हणून जिथे चूक परवडणार नाही तिथे तेसुद्धा मुद्दाम ‘केत्तो’ म्हणतात. तुम्ही ती सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

‘हेत’चा अर्थ आठवडा असाही होतो. ‘एद्य हेत मूल्वॉ’ म्हणजे एका आठवड्याने. त्यात सात कुठेच नाहीत.

भरत जाणारा तास

आता मूळ मुद्दा. घड्याळात चार वाजले की पाचवा तास सुरू होतो. तो पेल्यासारखा भरत जातो, असं हंगेरियन भाषा धरून चालते. पाव भरला की ४.१५, अर्धा भरला की ४.३०, पाऊण भरला की ४.४५ आणि काठोकाठ भरला की पाच. पाव म्हणजे ‘नेद्येद’, अर्धा म्हणजे ‘फेल’, पाऊण म्हणजे ‘हारोमनेद्येद’, शब्दशः तीन चतुर्थांश. म्हणून:

नेद्येद ओत – ४.१५
फेल ओत – ४.३०
हारोमनेद्येद ओत – ४.४५
ओत ओरॉ – ५.००

चारही वेळांमध्ये आकडा पाचच आहे. या पाव-अर्ध्या-पाऊणच्या वेळांत चार हा आकडा ४.०० नंतर थेट हद्दपार होतो. इंग्रजीत ‘क्वार्टर पास्ट फोर’ आणि ‘हाफ पास्ट फोर’मध्ये चार असतात आणि ‘क्वार्टर टू फाइव्ह’ला एकदम पाच येतात. म्हणजे इंग्रजी माणूस अर्ध्या तासापर्यंत मागे बघतो आणि मग पुढे बघायला लागतो. हंगेरियन माणूस चार वाजून गेल्यावर पुढेच बघतो.

हे हंगेरीचं एकट्याचं खूळ नाही. जर्मनमध्ये ‘हाल्ब फ्युन्फ’ म्हणजे ४.३० च. पुण्यात ज्यांनी मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या पायऱ्या चढल्या आहेत त्यांना ‘फेल’चा धक्का बसत नाही. मात्र ‘नेद्येद’चा बसतो, कारण वर्गातलं जर्मन पाव तासाला इंग्रजीसारखंच चालतं. पूर्व आणि दक्षिण जर्मनीत, व्हिएन्नाकडे ‘फिर्टेल फ्युन्फ’ म्हणजे ४.१५ म्हणतात, ते पुस्तकात क्वचितच येतं. चेक, पोलिश, रशियन या भाषांतही अर्धा तास पुढच्या आकड्याचा असतो. या सगळ्यांपुढे इंग्रजी वेगळी पडते.

मराठीतून जाणारी वाट

मराठी माणसाला यातलं एक तृतीयांश आधीच येतं. ‘पावणेपाच’ म्हणताना आपणही येणाऱ्या तासाचं नाव घेतो. तेव्हा ‘हारोमनेद्येद’ ऐकलं की आकडा तसाच ठेवून आधी ‘पावणे’ लावा. हारोमनेद्येद ओत म्हणजे पावणेपाच, हारोमनेद्येद तीझ म्हणजे पावणेदहा. काही बदलायचं नाही.

सव्वा आणि साडे मात्र आपल्याकडे गेलेल्या तासाला चिकटतात. म्हणून ‘नेद्येद’ आणि ‘फेल’ ऐकलं की आकड्यातून एक वजा करा आणि मग सव्वा किंवा साडे लावा. नेद्येद ओत: पाचातून एक गेला, सव्वाचार. फेल ओत: साडेचार. बोलताना उलट: साडेसात सांगायचेत तर सातात एक मिळवा आणि म्हणा ‘फेल न्योल्त्स’.

मग राहतात ते मराठीतले वाकडे शब्द. खरं तर तेच सगळ्यात सोपे आहेत. फेल हारोम म्हणजे अक्षरशः ‘अर्धा तीन’, म्हणजेच २.३०, म्हणजेच अडीच. आपला ‘अडीच’ आला आहे संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. म्हणजे अडीच वाजले म्हणताना मराठी माणूस नकळत हंगेरियन हिशेबच करत असतो. जुन्या पाढ्यांमधली साडेतीनची ‘औटकी’ त्याच घराण्यातली, अर्धा चौथा. आजीकडून दिडकी, अडीचकी, औटकी घोकलेल्या कुणालाही ‘फेल नेद्य’ म्हणजे ३.३० हे पटायला वेळ लागू नये.

बारा ते पावणेतीन हा सगळ्यात जास्त चुका होणारा टापू, म्हणून तो पूर्ण लिहून देतो. हा भाग पाठच करा:

सव्वाबारा – नेद्येद एद्य
साडेबारा – फेल एद्य
पाऊण – हारोमनेद्येद एद्य
एक – एद्य ओरॉ
सव्वा – नेद्येद केत्तो
दीड – फेल केत्तो
पावणेदोन – हारोमनेद्येद केत्तो
दोन – केत ओरॉ
सव्वादोन – नेद्येद हारोम
अडीच – फेल हारोम
पावणेतीन – हारोमनेद्येद हारोम

दुपारच्या जेवणाच्या भेटी याच टापूत ठरतात. ‘फेल एद्य’ म्हणजे साडेबारा हे कानाला दीडसारखं वाटतं आणि जेवण संपल्यावर माणूस उगवतो.

एक व्याकरणाची गोष्ट: पूर्ण तासाला ‘ओरॉ’ लावतात, पाव-अर्ध्या-पाऊणला लावत नाहीत. ‘ओत ओरॉ’ बरोबर, ‘फेल ओत ओरॉ’ चूक. आणि ‘फेल’ लागलं की दोनचा ‘केत्तो’च राहतो.

मिनिटं: जवळचा पाव शोधायचा

इथे इंग्रजी पूर्ण हात टेकते आणि मराठी उपयोगी पडते. ४.२५ ला इंग्रजी माणूस म्हणतो चार वाजून पंचवीस. हंगेरियन माणूस म्हणतो ‘ओत पेर्त्स मूल्वॉ फेल ओत’, पाच मिनिटांनी साडेचार. आपण काय म्हणतो? साडेचारला पाच कमी. हेच ते.

हंगेरियन घड्याळाचे चार खांब आहेत: पूर्ण, पाव, अर्धा, पाऊण. कोणतंही मिनिट त्याच्या जवळच्या खांबापासून मोजायचं. खांब यायचा असेल तर ‘मूल्वॉ’ म्हणजे ‘नंतर’, खांब मागे गेला असेल तर ‘मूल्त’ म्हणजे ‘उलटलं’. पाच ते सहाच्या दरम्यान नव्हे, चार ते पाचच्या दरम्यान काय होतं ते बघा.

४.१० – ओत पेर्त्स मूल्वॉ नेद्येद ओत. सव्वाचारला पाच कमी. ‘चार उलटून दहा मिनिटं’ असंही म्हणतात.
४.२० – नेद्येद ओत मूल्त ओत पेर्त्सेल. सव्वाचार वाजून पाच.
४.३५ – फेल ओत मूल्त ओत पेर्त्सेल. साडेचार वाजून पाच.
४.४० – ओत पेर्त्स मूल्वॉ हारोमनेद्येद ओत. पावणेपाचला पाच कमी.
४.५० – हारोमनेद्येद ओत मूल्त ओत पेर्त्सेल. पावणेपाच वाजून पाच. ‘तीझ पेर्त्स मूल्वॉ ओत’, पाचला दहा कमी, असंही म्हणतात.

एकाच वाक्यात ‘ओत’ दोनदा येतो आणि डोकं गरगरतं. युक्ती एवढीच: ‘पेर्त्स’ किंवा ‘पेर्त्सेल’ला चिकटलेला आकडा मिनिटांचा, उरलेला तासाचा. वाक्यातला क्रम बदलला तरी हे बदलत नाही. घाईच्या बोलण्यात ‘पेर्त्स’ गळतोही, तेव्हा ‘मूल्वॉ’च्या आधीचा आकडा मिनिटांचा धरा.

सुरुवातीला तुम्हाला हे सगळं बोलायची गरज नाही. कळलं म्हणजे पुरे. बोलायला पुढची पद्धत आहे.

अडचणीत सापडलात तर चोवीस तासांचं घड्याळ

रेल्वे, दवाखाना, सरकारी कचेरी, सिनेमाचं तिकीट, विद्यापीठाचं वेळापत्रक या सगळ्या ठिकाणी चोवीस तासांचं घड्याळ आणि साधे आकडे चालतात. १६.३० म्हणजे ‘तिझेनहॉत हॉर्मिन्त्स’, सोळा तीस. इथे पुढच्या तासाची भानगड नाही. सोळा म्हणजे सोळाच. लेखी वेळेत तास आणि मिनिटांच्या मध्ये टिंब किंवा विसर्गासारखी दोन टिंबं, दोन्ही चालतात.

म्हणून कुणी ‘फेल ओत’ म्हटलं की मान डोलावून मोकळे होऊ नका. परत विचारा: “तेहात तिझेनहॉत हॉर्मिन्त्स?” म्हणजे, तर मग सोळा तीस ना? समोरचा माणूस हो म्हणेल किंवा दुरुस्त करेल. यात कमीपणा नाही, हंगेरियन लोकही फोनवर अशी खात्री करतात. यासाठी मिनिटांचे तीनच शब्द लागतात: पंधराला ‘तिझेन-ओत’, तीसला ‘हॉर्मिन्त्स’, पंचेचाळीसला ‘नेद्यवेन-ओत’. तासांसाठी तेरा ते एकोणीसला ‘तिझेन’च्या पुढे आकडा लावायचा, वीसला ‘हूस’. एकवीस ते तेवीसला ‘हुसोन’च्या पुढे.

फक्त दोन पद्धतींची खिचडी करू नका. फेल आणि नेद्येद बारा तासांच्या घड्याळाचे. ‘फेल तिझेनहेत’ असं कुणी म्हणत नाही. दुपार म्हणायचीच असेल तर ‘देलुतान फेल ओत’, दुपारचे साडेचार, असं म्हणा.

समोरासमोर असाल आणि तरीही शंका असेल तर “लेईर्ना, केरेम?” लिहून द्याल का, असं विचारा. पण हाताने लिहिलेल्या वेळेतही एक गंमत असते. घाईत लोक ‘फेल’ पूर्ण लिहीत नाहीत. एफ हे अक्षर आणि त्याला चिकटून ५, म्हणजे ४.३०. अपूर्णांकही लिहितात: १/२ ५ म्हणजे ४.३० आणि ३/४ ५ म्हणजे ४.४५. हा शेवटचा आपल्याला तीन एप्रिल वाटतो.

तारीखही उलटी

त्यावरून आठवलं. हंगेरीत तारीख मोठ्याकडून लहानाकडे जाते: वर्ष, महिना, दिवस. नावातही आधी आडनाव, मग नाव, तसंच. त्यामुळे वर्ष गाळून ०३. ०४. असं लिहिलं तर ती ४ मार्च. आपण वाचणार ३ एप्रिल. वेळेतला घोटाळा एका तासाचा, हा महिनाभराचा. दाताच्या डॉक्टरकडून ‘०३. ०४. एफ५’ असा निरोप आला तर ती वेळ ४ मार्चला साडेचार वाजताची आहे.

दुकानांच्या पाट्यांवर वारांची आद्याक्षरं असतात. एच सोमवार, के मंगळवार, पी शुक्रवार, व्ही रविवार. बुधवार आणि शनिवार दोन्ही एस-झेडने सुरू होतात, पुढे ई असेल तर बुधवार, ओ असेल तर शनिवार. सी-एस म्हणजे गुरुवार. ‘न्यित्वॉ’ उघडं, ‘झार्वॉ’ बंद.

पहाट आहे, ‘मॉर्निंग’ नाही

बारा तासांच्या घड्याळाला दिवसाचा भाग जोडावा लागतो आणि इथे मराठी माणूस पुन्हा फायद्यात. इंग्रजीत रात्री एक वाजताही ‘मॉर्निंग’ असते. हंगेरियन आपल्यासारखीच दिवसाचे नीट तुकडे करते. ‘हॉय्नॉल’ ही आपली पहाट, साधारण तीनपासून उजाडेपर्यंत. ‘रेग्गेल’ सकाळ, पण ती नऊच्या आसपास संपते. त्यानंतर दुपारपर्यंत ‘देलेलोत्त’, म्हणजे माध्यान्हाच्या आधीचा वेळ. मग ‘देलुतान’, माध्यान्हानंतरचा. सहाच्या सुमारास ‘एश्ते’ सुरू होते ती दहापर्यंत, आणि पुढे ‘एय्येल’, रात्र. रात्रीचा एक म्हणजे ‘एय्येल एद्य’, पहाटेचे चार म्हणजे ‘हॉय्नॉली नेद्य’. फरक इतकाच की आपण रात्रीचे आठ म्हणतो तिथे ते ‘एश्ते न्योल्त्स’ म्हणतात, संध्याकाळचे आठ.

नमस्कारही याच तुकड्यांवर चालतो. दहा वाजता दुकानात शिरून ‘यो रेग्गेल्त’, शुभ सकाळ, म्हटलंत तर उत्तर ‘यो नॉपोत’ असं येईल, शुभ दिवस. पाटीवर डी-ई दिसलं तर ते देलेलोत्त, डी-यू दिसलं तर देलुतान.

मध्यान्हाला ‘देल’ म्हणतात आणि दक्षिण दिशेलाही ‘देल’च, कारण बारा वाजता सूर्य तिकडे असतो. बुडापेश्टच्या ‘देली’ स्थानकाचा दुपारशी काही संबंध नाही, ते दक्षिण स्थानक आहे. ‘देल्बेन’ भेटू म्हणजे बारा वाजता, ‘देलीनेल’ भेटू म्हणजे त्या स्थानकाजवळ. बारा वाजता हंगेरीभर चर्चच्या घंटा वाजतात आणि सरकारी कोशूत रेडिओही त्या ऐकवतो. हंगेरियन लोक ही प्रथा १४५६ च्या विजयाशी जोडतात. तेव्हा हंगेरियन सेनापती हुन्यॉदी यानोशने आजच्या बेलग्रेडचा वेढा उठवून ऑटोमन सैन्य मागे लोटलं होतं. खरं तर पोप कॅलिक्स्टस तिसरा याने लढाईच्या आधीच, यशासाठी प्रार्थना म्हणून घंटा वाजवायचा हुकूम काढला होता. अनेक ठिकाणी हुकूम आणि विजयाची बातमी मागेपुढे पोहोचली आणि घंटा विजयाची झाली.

वेळ आणि कालावधी यांत गल्लत

‘ओरॉ’ हा शब्द फार राबवलेला आहे. तो वाजले, तास, घड्याळ आणि शाळेतला तास या चारही अर्थांनी येतो. ‘केत ओरॉ’ म्हणजे दोन वाजले किंवा दोन तास. शेपट्या बघून ओळखायचं:

‘-कोर’ लागला तर त्या वेळी. केत्तोकोर, दोन वाजता. फेल हारोमकोर, अडीच वाजता. लिहिताना आकड्यापुढे आडवी रेघ देऊन ‘कोर’ लिहितात.
‘मूल्वॉ’ लागलं तर इतक्या वेळाने. केत ओरॉ मूल्वॉ, दोन तासांनी.
‘-तोल’ आणि ‘-इग’ म्हणजे पासून आणि पर्यंत. दुकानाच्या पाटीवर हेच दिसतं.
‘-रॉ’ किंवा ‘-रे’ म्हणजे त्या वेळेपर्यंत हजर. ‘फेल ओतरे ओत्त लेसेक’, साडेचारपर्यंत तिथे असेन.

‘केत ओराइग’ मात्र खरोखरच दुटप्पी आहे. दोन वाजेपर्यंत किंवा दोन तास, दोन्ही. वेळ म्हणायची असेल तर ‘केत्तोइग’ म्हणून मोकळे व्हा.

कालावधीत ‘फेल’ पुढच्या आकड्याचं काम करत नाही. ‘फेल ओरॉ’ अर्धा तास, ‘हारोमनेद्येद ओरॉ’ पाऊण तास, ‘केत एश फेल ओरॉ’ अडीच तास. दीड तासाला खास शब्द आहे, ‘माशफेल ओरॉ’. दीडसाठी वेगळा शब्द इंग्रजीत नाही, आपल्याकडे आणि त्यांच्याकडे आहे.

हंगेरियन माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा

हा सगळ्यात निसरडा भाग, आणि ऑफिसात रोज येणारा. हंगेरियन सहकारी इंग्रजीत ‘हाफ फाइव्ह’ म्हणाला तर त्याला ४.३० म्हणायचं असण्याची शक्यता भरपूर. लंडनच्या सहकाऱ्याने तेच शब्द वापरले तर ५.३०. तिघेही एकाच कॉलवर असतील तर कुणीतरी एकटाच स्क्रीनकडे बघत बसणार. ‘क्वार्टर फाइव्ह’ हे इंग्रजीत चूकच आहे, पण ऐकलंत तर ते नेद्येद ओत, म्हणजे ४.१५. अमेरिकन माणूस ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ म्हणतो, ते मात्र पावणेपाच.

उपाय साधा आहे. आपण भारतीय इंग्रजीत ‘फोर थर्टी’ म्हणतोच. तेच म्हणत राहा आणि समोरच्याने दुसरं काही म्हटलं तरी निरोप पाठवताना आकड्यात १६.३० लिहा. ‘हाफ’ हा शब्द वेळेसाठी स्वतः कधीच वापरू नका, अगदी बरोबर वापरता येत असला तरी.

घरी फोन करताना

हंगेरी हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे तीन होतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे पुन्हा दोन. त्या दिवशी पुण्यातलं घड्याळ हलत नाही, त्यामुळे आईच्या ठरलेल्या फोनची वेळ बदलते आणि ते तिला आदल्या दिवशी सांगावं लागतं.

फरकात अर्धा तास असल्यामुळे तिकडचं ‘फेल’ इकडे पूर्ण होतं आणि तिकडचं पूर्ण इकडे साडे. बुडापेश्टचे ‘एश्ते फेल न्योल्त्स’, म्हणजे साडेसात, हिवाळ्यात घरी रात्रीचे बारा. उन्हाळ्यात अकरा. ‘एश्ते हॉत’ हिवाळ्यात घरी साडेदहा. फोन सहाला केलेलाच बरा. डोक्यात दोन पायऱ्या एकत्र करू नका: आधी फेलचे साडे करा, मगच साडेचार मिळवा. एकदम केलं की नेमका एक तास हरवतो.

हात साफ करायला

उत्तरं झाकून हे सोडवा. मोठ्याने म्हणा, कारण परीक्षा कानाची आहे.

१. रेग्गेल हारोमनेद्येद न्योल्त्सकोर.
२. पेन्तेक एश्ते फेल किलेन्त्स. पेन्तेक म्हणजे शुक्रवार.
३. ओत पेर्त्स मूल्वॉ नेद्येद तिझेनकेत्तो.
४. हारोमनेद्येद एद्य मूल्त ओत पेर्त्सेल.
५. माशफेल ओरॉ मूल्वॉ. आत्ता फेल हारोम वाजले आहेत, तर किती वाजता?
६. चिठ्ठी: ११. ०५. एफ१०, डी-ई.
७. अडीच वाजता भेटू, हे हंगेरियनमध्ये आणि खात्रीसाठी चोवीस तासांत सांगा.

उत्तरं: १) सकाळी पावणेआठ. २) शुक्रवारी रात्री साडेआठ. ३) अकरा दहा, म्हणजे सव्वाअकराला पाच कमी. ४) बारा पन्नास, पाऊण वाजून पाच मिनिटं. ५) अडीच अधिक दीड, चार वाजता. ६) ५ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ. ७) फेल हारोमकोर, आणि खात्रीसाठी तिझेननेद्य हॉर्मिन्त्स.

तिसरं आणि सहावं चुकलं तर मिनिटांचा आणि तारखेचा भाग पुन्हा वाचा. दुसरं चुकलं तर अजून इंग्रजीतूनच जाताय.